पेपर सुटेपर्यंत

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार

एकवीस वर्षं मी पत्रकारिता शिकवते आहे आणि आज पहिल्यांदा मला कुणी विचारलं, "मॅडम, तुमची स्वतःची छापून आलेली एक बातमी सांगा." मला एकही सांगता आली नाही. धुळ्याच्या त्या वर्गात खानदेशातल्या कॉलेजांचे आम्ही अकरा मास्तर बसलो होतो आणि अकराच्या अकरा माना खाली गेल्या, एवढाच काय तो दिलासा.

विचारणारे जीवराम सर. तिथल्याच एका दैनिकात छत्तीस वर्षं बातमीदारी करून निवृत्त झालेले. अंगकाठी बारीक, खिशाला दोन पेनं, आवाज मात्र लिलाव पुकारणाऱ्याचा. म्हणाले, "तुम्ही पोरांना बातमीची व्याख्या पाठ करायला लावता. त्यातल्या एकाला तरी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभं केलंय का?" नाही केलं. मी कोण, काय, कधी, कुठे असे सहा ककार लिहून देते, ते परीक्षेत पाच मार्कांना येतात, मुलं पास होतात आणि पुढे बँकेच्या परीक्षांना बसतात.

आता वरून आदेश आला आहे. विषय निम्मा प्रात्यक्षिक हवा आणि शिकवणाऱ्याकडे या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं, नाहीतर जूनपासून आमच्या कॉलेजातला विभाग बंद. म्हणजे तीन महिने दर शनिवारी जळगाव-धुळे बस, दर आठवड्याला एक अभ्यास, त्याला दहापैकी मार्क, आणि फेब्रुवारीच्या शेवटी सगळ्यांसमोर एक धडा घेऊन दाखवायचा. एकोणपन्नासाव्या वर्षी!

घरी आले तर आई दारातच बसलेली. जळगावात आम्ही दोघीच असतो. माझं लग्न राहिलं ते राहिलंच, आणि धाकटा भाऊ अभिमन सोनगीरला शेती बघतो. आई अहिराणीत विचारते, मी शहरी मराठीत उत्तर देते, आमचं असंच चालतं.

"म्हंजे परीक्षा शे का तुनी?"

"तसंच समज."

"मार्क भेटतीन?"

"भेटतील."

तिनं मान डोलावली आणि माझी पिशवी स्वतः आत नेली. जेवायला वाढलं, पण बसली नाही. म्हणाली, मी मघाशीच जेवले.

१ डिसेंबर, रविवार

पहिला अभ्यास : रोज दिसणाऱ्या माणसाची वीस मिनिटं मुलाखत. सर म्हणाले होते, "एकच प्रश्न मनात ठेवा आणि गप्प बसा." मला गप्प बसणं जमत नाही. मी पंधरा प्रश्न लिहून काढले. विषय : शेतातलं बायकांचं काम, पूर्वीचं आणि आताचं. आईला खाटेवर बसवलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मांडी घातली, हात मांडीवर ठेवले. फोटो काढायचा असला की बसते तशीच.

चौथा प्रश्न होता, निंदणीला किती बायका असायच्या.

"दहा-बारा तरी ऱ्हात. द्रौपदाबाई ऱ्हाये, सुभानची माय ऱ्हाये. दिवसभर वाकेल ऱ्हावो, काही वाटे ना. आते दोन पावलं चालं का दम लागस माले. आनि आठे, हाई आठे दुखस." तिनं बरगडीखाली हात नेला.

"आई, विषय सोडू नकोस. निंदणीचं सांग."

"हां. निंदणी."

मग तिनं नीट सांगितलं. नवव्या प्रश्नाला पुन्हा भरकटली. म्हणाली, माणसानं किती दिवस असावं याचा काही हिशेब असतो का. मी तिला कापूस वेचणीवर आणलं.

शेवटी तिनंच मला विचारलं, "सविता, तुना कागदवर आखो कितला सवाल शेतस?"

"चार."

"त्यामा मनं काही इचारेल शे का?"

"सगळं तुझंच तर आहे आई."

ती हसली. "हा, ते बी खरं शे," म्हणाली.

स्वतःचं मूल्यमापन : मुलाखत देणारी व्यक्ती वारंवार विषय सोडते, मुलाखत घेणारीनं तिला चांगलं सावरून घेतलं. दहापैकी सात.

११ डिसेंबर, बुधवार

आज जन्मात पहिल्यांदा मी वर्ग बस स्टँडवर भरवला. चौदा मुलं-मुली, प्रत्येकानं एका अनोळखी माणसाशी बोलायचं. मुलं माझ्याकडे बघत उभी राहिली, म्हणून म्हटलं आपणच करून दाखवावं. सावद्याहून केळी घेऊन येणारी एक बाई कडेला टोपली मांडून बसली होती. मी वही उघडून तिच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "तुमच्या प्रमुख समस्या कोणत्या?" ती म्हणाली, "घ्यायची तर घ्या बाई, सावली नका अडवू." मागे पोरं खिदळली. मलाही हसू आलं, पण घाम फुटला होता हे खरं.

मग मृणाली पुढे झाली. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी. ती त्या बाईच्या शेजारी खाली बसली, टोपलीतली काळी पडलेली केळी वेगळी करू लागली आणि काही बोललीच नाही. दहा मिनिटांनी बाई आपणहून बोलत होती. पहाटेच्या गाडीत टोपली ठेवायला वाहक कसा नकार देतो, सुनेचं बाळंतपण, गुडघे. मृणाली मधूनमधून फक्त "मग?" म्हणायची. तिनं लिहिलेली बातमी आम्ही भिंतीवर लावली. चांगली आहे. मला तिचा हेवा वाटला, विद्यार्थिनीचा हेवा वाटणं बरं नाही.

घरी येऊन आईला तासभर सगळं सांगितलं. केळीवालीची नक्कलही केली. ती पडून ऐकत होती. हल्ली ती फार चांगलं ऐकते. पूर्वी मध्येमध्ये बोलायची.

२२ डिसेंबर, रविवार

या आठवड्याचा अभ्यास : एक तास एका जागी बसायचं आणि जे दिसेल तेवढंच लिहायचं. मत नाही, विशेषण नाही. बाहेर थंडी, म्हणून मी आपल्या स्वयंपाकघराचा कोपरा धरला. कागद सरांना द्यायचा आहे, म्हणून इथे उतरवून ठेवते.

"७.१०. स्त्री, वय ७६, आत येते. ओट्याला धरून उभी राहते. ७.१६. पीठ मळायला घेते. दोनदा थांबते, डावा हात पोटावर. ७.२५. हात वर करून डबा काढते. बांगड्या कोपरापर्यंत घसरतात. ७.४०. कळण्याच्या (ज्वारी-उडीद) तीन भाकरी मुलीसाठी झाकून ठेवते. स्वतःच्या ताटात चतकोर. दोन घास. उरलेलं पदराआड घेऊन मागच्या दारी जाते, कुस्करून पाखरांना टाकते. ताट लगेच विसळते. ७.५५. भिंतीला टेकून बसते. डोळे मिटलेले, ओठ हलतात. ८.०५. डोळे उघडते. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर, बहुधा खिडकीतल्या उन्हामुळे."

पुन्हा वाचून पाहिलं. "बहुधा उन्हामुळे" हे माझं मत झालं, खोडायला हवं होतं. बाकी मजकूर स्वच्छ उतरला आहे. या वेळी आठ तरी मिळावेत.

२८ डिसेंबर, शनिवार

नऊ मिळाले. वर्गात सगळ्यांत जास्त. पण खाली लाल शाईत एकच ओळ, "आजींना डॉक्टरकडे नेलं का?"

मला रागच आला. भाषेबद्दल अवाक्षर नाही. मधल्या सुट्टीत सरांना म्हटलं, "सर, तो नुसता अभ्यास होता. आईला पित्ताचा जुना त्रास आहे."

सर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, बातमी तुमच्या कागदावर आहे. नजर तुमची, हात तुमचा. दिसली मला."

येताना बसमध्ये पारोळ्यापर्यंत चिडलेली होते. एरंडोलला तो कागद पिशवीतून काढून पुन्हा वाचला. घरी आल्या आल्या विचारलं, तर आई म्हणाली, "पित्त शे माय. वयमान व्हयनं आते. तू तुना अभ्यास कर." मी ते खरं मानलं. एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी करू नका, असं मीच मुलांना शिकवते.

४ जानेवारी २०२५, शनिवार

सरांनी वर्गाच्या दारातच विचारलं, "दाखवलं?" मी हो म्हटलं. खोटं. कॉलेजची तपासणी आहे, मंगळवारपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. पण त्यांच्यासमोर खोटं बोलले याची लाज वाटते. त्यांनी ओळखलंही असावं, कारण पुढे काही विचारलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

मंगळवारी नेलं. डॉक्टरांनी आईची पापणी खाली ओढून पाहिली आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं, मग मोठं स्कॅनिंग. आज रिपोर्ट आला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. दीड महिना, फार तर दोन.

मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "फार फरक पडला नसता, ताई." हे ते सगळ्यांनाच म्हणतात का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

डोळे पिवळे होते. मी ते लिहून ठेवलं होतं, वेळेसकट.

११ जानेवारी, शनिवार

धुळ्याला गेले नाही. आई सकाळीच म्हणाली, "आज शनवार ना? गाडी चुकी जाई तुनी."

मी तिच्या खाटेवर बसले. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"दिवाईपासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुनी परीक्षा चालू व्हती ना." ती इतक्या सरळ बोलली की मला क्षणभर कळलंच नाही. "परीक्षामा कसं सांगानं? एक डाव सांगाले लागनू व्हतू, तू कागद लिसन बठेल व्हती. म्हंटं, ऱ्हाऊ दे. पेपर सुटना का सांगसूत."

म्हणजे ती माझ्या परीक्षेसाठी थांबली होती. मी तिला गमतीनं "तसंच समज" म्हटलं होतं आणि तिनं तसंच समजून घेतलं.

आमच्याकडे हे असंच चालत आलं आहे. घरात पोराची परीक्षा असली की वाईट बातमी त्याच्या कानावर जाऊ द्यायची नाही. गल्लीत मयत झालं तरी बायका तोंडात पदर कोंबून रडतात, कारण शेजारच्या घरात दहावीचं पोर वाचत असतं. १९९३ साली मी बारावीला धुळ्यात वसतिगृहावर होते. माझे वडील, अण्णा, मंगळवारी गेले. माझा शेवटचा पेपर शुक्रवारी. रेक्टरबाईंना माहीत होतं, खोलीतल्या मुलींना माहीत होतं. त्यांनी तीन दिवस माझी वेणी घालून, दही-साखर देऊन मला पेपरला पाठवलं. शुक्रवारी पेपर सुटला तेव्हा फाटकाशी मामा उभे होते. मला अण्णांचं तोंड दिसलं नाही. मी तेव्हा कुणावर चिडले नाही, कारण सगळ्यांनी चांगल्या मनानंच केलं होतं. पण त्यानंतर कुठल्याही परीक्षेचा निकाल आला की मला आधी रडू येतं, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

आज आईला सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "पन पास व्हयनी ना तू."

२६ जानेवारी, रविवार

सोनगीरला आलो त्याला आठवडा झाला. तिला इथेच यायचं होतं. मी रजा टाकली आहे आणि प्रशिक्षण सोडल्याचं पत्रही पाठवून दिलं.

द्रौपदाबाई रोज दुपारी येते. आईच्या वयाचीच, निंदणीची जुनी जोडीदारीण. ती खाटेशेजारी शेंगा सोलत बसते आणि आई बोलते. मी शेजारच्या खोलीतून ऐकते. माझ्या आधी झालेला आणि अकराव्या दिवशी गेलेला मुलगा, त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं ते, अण्णांचा राग, मी साडेतीन वर्षांपर्यंत बोललेच नाही म्हणून तिनं कुठे कुठे नेलं ते. यातलं काहीही मला माहीत नव्हतं. माझ्या पंधरा प्रश्नांत हे बसलंच नसतं.

काल मी शेंगा घेऊन बसले. आई मला बघून म्हणाली, "काय इचारनं शे?" मी म्हटलं, काही नाही. तिनं पदर सारखा केला आणि प्रश्नाची वाट बघत राहिली. माझ्यासमोर ती उत्तरं द्यायला बसते, ती सवय मीच लावली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आई आता पातळ पेजेवर आहे. बोलते कमी, पण रोज एक प्रश्न ठरलेला, "परीक्षा कव्हय शे?" मी सोडून दिली म्हटल्यावर तिनं परवा दिवसभर तोंड फिरवून घेतलं. प्राचार्यांचाही फोन येतो, एका धड्यासाठी चौदा मुलांचा विभाग बंद पाडू नका म्हणतात.

आज जीवराम सर स्वतः आले. धुळ्याहून अर्ध्या तासाचा तर रस्ता. मला वाटलं होतं, मला समजवायला आले, पण ते सरळ आईच्या खाटेपाशी जाऊन बसले आणि अहिराणीत सुरू झाले. कुठलं गाव, कुणाची भाऊबंदकी, कोणत्या साली किल्ल्याच्या पायथ्याशी किती पाऊस झाला. आई कितीतरी दिवसांनी हसली. मग मला म्हणाली, "मास्तरले चहा टाक ना."

चहा घेऊन आले. आईनं सरांचा हात धरलेला होता आणि मला बघून सोडला. सर चहा न पिताच उठले. दारात म्हणाले, "तुमचं पत्र मी पुढे पाठवलेलं नाही, बावीस तारखेला या मॅडम. अकराला धडा, एकला तुम्ही परत इथे. त्यांना तेवढंच हवंय."

मी जायचं ठरवलं. आईसाठीच. अभिमनला बाजूला घेऊन बजावलं, "काही झालं, कितीही बारीकसारीक झालं, तर त्याच मिनिटाला मला फोन करायचा. धडा चालू असला तरी. अण्णांच्या वेळी केलं ते मला पुन्हा नको." त्यानं हो म्हटलं. त्यानं माझ्याकडे न बघता हो म्हटलं, पण हल्ली तो कुणाकडेच बघत नाही, रडू येतं त्याला.

२२ फेब्रुवारी, शनिवार. धुळे बस स्टँड, दुपारी साडेबारा

शिरपूर गाडीची वाट बघते आहे, तोवर लिहून घेते.

धडा चांगला झाला. अगदी चांगला. इथल्याच कॉलेजची वीस मुलं दिली होती. मी त्यांच्या वह्या-पेनं गोळा करून टेबलावर ठेवली आणि दोघादोघांना समोरासमोर बसवलं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं दहा मिनिटं प्रश्न विचारायचा नाही. आधी हसली, मग वर्ग हळूहळू शांत झाला. एक मुलगा बोलता बोलता रडला आणि समोरच्यानं काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग मी वह्या परत दिल्या आणि त्यांनी लिहिलं. एकवीस वर्षांत मी असा वर्ग घेतला नव्हता. बाकीच्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

फक्त जीवराम सरांचं काही कळलं नाही. धडा सुरू व्हायच्या आधी त्यांना फोन आला, बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मग येऊन अगदी मागच्या बाकावर बसले. मान खाली. गुणपत्रिकेवर एक अक्षर लिहिलं नाही, मी मुद्दाम पाहिलं. आवडला नसावा, असं वाटलं. पावणेबाराला संपल्यावर मी हात धुऊन डबा उघडला, तर ते समोर येऊन बसले. काही खाल्लं नाही. "जेवून घ्या मॅडम, सावकाश," एवढंच म्हणाले. मी भुकेली होते, दोन पोळ्या खाल्ल्या.

अभिमनला फोन लावला. त्यानं उचलल्या उचलल्या विचारलं, "अक्का, पेपर सुटना का?"

"सुटला रे. आई कशी आहे?"

"कसा गया?"

"छान गेला. आईला दे."

"ती झोपेल शे. तू ये."

मागे बरीच माणसं बोलत होती. विचारलं, तर म्हणाला, चारा उतरवायला आली आहेत. बरं झालं आई झोपली, रात्रभर तळमळत होती.

सरांचं नरडाण्याला काही काम निघालं आहे, त्यामुळे सोनगीरपर्यंत त्यांची सोबत आहे. माझी पिशवीही त्यांनीच घेतली. 

आईला आज सांगणार आहे की मला स्वतःलाच दहापैकी नऊ द्यावेसे वाटले. ती म्हणेल, एक कुठे गेला. गाडी लागली.

३ मार्च, सोमवार

आज दहावा झाला.

बसमध्ये सोनगीरचा किल्ला दिसू लागला तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, आई गेल्या. सकाळी सव्वादहाला. डोकं अभिमनच्या मांडीवर होतं. मला त्याचा फोन साडेदहाला आला." बातमी द्यावी तशी दिली, मागेपुढे काही लावलं नाही. मी विचारलं, "धडा पावणेबाराला संपला. तेव्हा का नाही सांगितलं?"

ते म्हणाले, "तुम्ही डबा उघडला होता."

मी त्यांच्याशी त्यानंतर बोलले नाही. ते दोनदा येऊन ओट्यावर बसून गेले. प्रमाणपत्र द्रौपदाबाईच्या हाती ठेवून गेले. अभिमनशीही नऊ दिवस बोलले नाही. त्यानं मला शब्द दिला होता, आणि आख्ख्या गावाला, धुळ्याच्या माणसाला माझ्याआधी कळलं. माझ्याच घरची बातमी मला सगळ्यांत शेवटी मिळाली, दुसऱ्यांदा. मला सगळ्यांचा इतका राग आला होता की रडूसुद्धा आलं नाही.

आज पाहुणे गेल्यावर अभिमन माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसला. भादरलेलं डोकं, चेहरा सुजलेला. म्हणाला, "अक्का, माले मार, पन बोल."

मी बोलले. खूप बोलले. "मी एकोणपन्नास वर्षांची आहे. शाळेतली पोर आहे का मी? कुणाला विचारून लपवलंस?"

"तिनीच सांगेल व्हतं. मास्तरले बी सांगेल व्हतं, त्या दिन."

"म्हणून तू ऐकलंस?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "अक्का, तुले आखो एक सांगनं शे. सकायपासून तिले धाप लागेल व्हती. दात आवळीसन पडेल व्हती आनि घडी घडी इचारे, पेपर सुटना का? मी म्हनू, नही माय, अकराले शे. ती म्हने, बरं. परत दोन मिनिटमा, सुटना का? मनाकडथून देखायनं नही, अक्का. सव्वादहाले मी सांगं, हा माय, सुटना. भारी गया पेपर. पास व्हयनी तुनी पोर." त्याला पुढे बोलवेना. "मंग तिनी माले इचारं, खरंच? मी म्हंटं, खरंच. मंग तिनी डोया मिटी लिधात. मी खोटं बोलनू म्हनीसन गयी ती. खरं सांगतू, ते आखो तग धरती. तू भेटती तिले."

मी खाली उतरले आणि त्याचं डोकं पोटाशी धरलं. त्याला म्हटलं, तू बरोबर केलंस, तिला फार त्रास होत होता. हे खरंच वाटतं का मला, ते आज सांगता येणार नाही. आम्ही दोघं रडलो, द्रौपदाबाई आली आणि तीही आमच्यात बसली.

सव्वादहाला मी धुळ्यात फळा पुसत होते. धड्याला अजून पाऊण तास होता.